कुत्र्याला आपलं कळतं, आपल्याला त्याचं?

कुत्र्याशी बोलायला मराठीत तीन खास शब्द आहेत. बोलवायचं तर ‘यू यू’, हाकलायचं तर ‘हाड’ आणि कुणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’. धामापूरच्या तलावाकाठी भगवतीच्या देवळापाशी लोळत पडलेल्या कुठल्याही गावठी कुत्र्याला पहिले दोन तरी पक्के कळतात. त्याला कुणी शाळेत घातलेलं नाही, कुणी बिस्किटं देऊन शिकवलेलं नाही. आता घरच्या कुत्र्यावर एक करून बघा. तेच ‘हाड’ तान्ह्या बाळाशी बोलतो तशा लाडिक सुरात म्हणा. बहुधा तो शेपूट हलवत जवळ येईल. मग त्याला कळलं काय? शब्द, सूर, की समोरचा माणूस?

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. माणसांचा आहे, सरकारी रुग्णालयात नोकरी करतो, आणि कुत्र्याशी माझी गाठ पडते ती त्याच्या दातांच्या खुणा घेऊन आलेल्या माणसामार्फत. गेली पंचवीसेक वर्षं या खुणा बघताना मला वाटू लागलं की कुत्रा का चावला हे समजून घ्यायचं तर आधी तो आपलं बोलणं कसं ऐकतो हे समजून घ्यायला हवं. गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी यावर भरपूर काम केलं आहे, आणि त्यातलं काही तर आपल्या देशातल्या रस्त्यांवर झालं आहे.

सुरुवात मात्र एका घोड्यापासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. मालक विचारी, पाच आणि तीन किती? घोडा खुराने आठ ठोके देई आणि थांबे. मोठमोठे लोक चकित झाले. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने यातली मेख शोधली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोलमडायचं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचा चेहरा, मान, खांदे नकळत किंचित हलत, आणि घोडा तेवढं टिपून थांबत असे. लोक म्हणाले, फजिती झाली. मला यात घोड्याची फजिती दिसत नाही. एवढ्या बारीक हालचाली माणसांनाही दिसत नव्हत्या, त्या त्याला दिसत होत्या. पण तेव्हापासून ‘आमच्या मोत्याला सगळं कळतं’ असं कुणी म्हणालं की शास्त्रज्ञ आधी मालकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात किंवा त्याला खोलीबाहेर काढतात. पुढे सांगतो आहे ते प्रयोग अशी काळजी घेऊनच झाले आहेत.

शब्दांचं आधी बघू. जर्मनीतल्या रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला सुमारे २०० वस्तूंची नावं येत होती, हे २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. त्यात नवलाची गोष्ट पुढेच होती. ओळखीच्या खेळण्यांमध्ये एक नवं खेळणं ठेवून कधीच न ऐकलेलं नाव घेतलं, तर तो बहुतेक वेळा ते नवंच उचलून आणायचा. ‘बाकीच्यांची नावं मला ठाऊक आहेत, म्हणजे हे नाव याचं’ असा हा हिशेब. लहान मूल भाषा शिकतं तेव्हा हेच करतं. पुढे अमेरिकेत चेसर नावाच्या त्याच जातीच्या कुत्रीला तिच्या मालकाने, जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्रज्ञाने, तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. हे अर्थात कुत्र्यांमधले शकुंतलादेवी. घरोघरचा कुत्रा इतका हुशार नसतो. पण २०२४ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी साध्या घरगुती कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजल्या. मालक ‘चेंडू’ म्हणाला आणि समोर चेंडू आला, तर एक प्रकारची लहर. ‘चेंडू’ म्हणाला आणि भलतंच काही दाखवलं, तर वेगळी. म्हणजे नाव ऐकताच त्या वस्तूची काहीतरी कल्पना मेंदूत आधीच तयार होते, आणि ती जुळली नाही तर मेंदूला खटकतं.

सुराचा प्रश्नही हंगेरीतल्याच एका गटाने २०१६ मध्ये हाताळला. तेरा कुत्र्यांना एमआरआयच्या बोगद्यात, त्या धडधडाटात, निपचित पडून राहायला शिकवलं. (ज्यांनी माणसांना एमआरआयमध्ये वीस मिनिटं स्वस्थ पडून राहायची विनवणी केली आहे, त्यांनाच या कामगिरीची किंमत कळेल.) मग त्यांना शाबासकीचे शब्द आणि अर्थहीन शब्द, कौतुकाच्या आणि कोरड्या अशा दोन्ही सुरांत ऐकवले. कुत्र्यांचा मेंदू शब्द आणि सूर वेगवेगळे पारखत होता. आणि बक्षीस मिळाल्यावर मेंदूचा जो भाग खुलतो, तो खुलला फक्त शाबासकीचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हाच. नुसत्या गोड आवाजाने नाही, नुसत्या शब्दानेही नाही. लाडिक ‘हाड’ ऐकून कुत्रा जवळ येतो तेव्हा त्याला शब्द कळलेला नसतो असं नाही. तुमच्या बाकीच्या शरीराने त्या शब्दाला खोटं पाडलेलं असतं, आणि त्याने शरीरावर विश्वास ठेवलेला असतो.

कुत्र्याचं खरं कसब मात्र शब्दांत नाही, बोटात आहे. म्हणजे आपल्या बोटात. दोन करवंट्या उपड्या घाला, एकीखाली सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवा आणि दुसरी आतून बांगड्याने चोळून ठेवा, म्हणजे वासाने उत्तर कळणार नाही. मग बोटाने दाखवा. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की यात शोध कसला, असा प्रश्न पडेल. पण आपला सगळ्यात जवळचा नातलग असलेल्या चिंपांझीला हे नीट जमत नाही. माणसाच्या हाताखाली वाढलेल्या लांडग्यालाही कुत्र्याइतकं सहज जमत नाही. २००२ मध्ये ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी या तिघांची तुलना मांडली, तेव्हापासून या विषयाला गती आली. कुत्र्याचं पिल्लू मात्र आठ आठवड्यांचं असतानाच बोटाच्या दिशेने जातं. २०२१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी ३७५ पिल्लं तपासली. पिल्लापिल्लांत जो फरक दिसला त्यातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा आनुवंशिक होता. माणसाच्या सोबतीने हजारो वर्षं राहताना ही समज कुत्र्याच्या रक्तातच उतरली, असं म्हणायला इथे जागा आहे.

पण ही सगळी परदेशातली, माणसाच्या सोफ्यावर वाढलेली कुत्री. आपल्याकडच्या वाडीतल्या कुत्र्याचं काय? त्याला मालक असतो किंवा नसतो. अनेकदा सगळी वाडीच त्याची मालक असते. एका घरी सकाळची पेज, दुसऱ्या घरी दुपारचा माशाचा काटा, आणि रात्री तिसऱ्याच्या खळ्यात राखण. काजूच्या बागेत माकडं उतरली की हाच आधी धावतो, आणि बिबट्या आला की बळीही बहुधा हाच जातो. या कुत्र्यांचा अभ्यास कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी बरीच वर्षं करत आहेत. प्रयोगशाळेत नव्हे, रस्त्यावर. या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वेगवेगळ्या शहरांतल्या १६० भटक्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. अनोळखी माणसाने त्यातल्या एकीकडे बोट दाखवलं. कधी पुन्हापुन्हा, कधी क्षणभरच. जे कुत्रे वाटीपाशी गेले, त्यांतले जवळपास ८० टक्के बोट दाखवलेल्या वाटीपाशीच गेले. क्षणभर दाखवलेलं बोटही त्यांना पुरलं. कुणाच्याही घरात न वाढलेल्या, कुणीही न शिकवलेल्या या कुत्र्यांना अनोळखी माणसाचा इशारा कळतो. एवढं वाचून बातमी देणारे थांबले. मी मात्र दुसऱ्या आकड्यापाशी थांबलो. सुमारे निम्मे कुत्रे कुठल्याच वाटीजवळ गेले नव्हते. संशोधकांनी नोंदवलं की हे कुत्रे घाबरलेले, अस्वस्थ दिसत होते. माणसाचा वाईट अनुभव त्यांनी आधी घेतलेला असावा. उगारलेला हात आणि पुढे केलेला हात हे कुत्र्याला बरोबर वेगळे ओळखता येतात. ते तो ओळखतो, लक्षात ठेवतो, आणि पुढच्या माणसाला त्याच मापाने मोजतो. याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं होतं की भटक्या कुत्र्याचा अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून हात फिरवणं जास्त उपयोगी पडतं. आपण बिस्किटं फेकतो, आणि लांबूनच.

नजरेबद्दलही थोडं सांगतो. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना आईच्या शरीरात काम करतं तेच हे संप्रेरक. आणि भुवईची आतली कड वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात तो जेमतेम असतो. ‘कसा बिचारा बघतोय’ असं आपल्याला जे वाटतं, ते करणारा हाच स्नायू.

आणि इथेच आपली गफलत सुरू होते. तो ‘बिचारा’ चेहरा आपण वाचतो आपल्या भाषेत. घरी आलो, उशी फाडलेली दिसली, कुत्रा कान पाडून, डोळे चोरून कोपऱ्यात. आपण म्हणतो, बघा, त्याला त्याची चूक कळली आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालकाने कुत्र्याला ‘खायचं नाही’ असं बजावून खाऊ समोर ठेवला आणि तो खोलीबाहेर गेला. कधी कुत्र्याने खाऊ खाल्ला, कधी नाही, पण मालकाला सांगताना संशोधक कधी खरं सांगत, कधी खोटं. निष्कर्ष असा की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. उलट न खाताही ओरडा मिळालेल्या कुत्र्यांचा चेहरा जास्त ‘अपराधी’ दिसला. तो पश्चात्ताप नाही. ते फक्त ‘तू रागावला आहेस, मला मारू नको’ असं आहे. कुत्र्याने आपल्याला बरोबर वाचलं, आपण त्याला चुकीचं वाचलं.

मोठ्या माणसाच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी नेता येते. मुलांच्या बाबतीत नाही. आमच्याकडे मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी येतात, आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची सवय नसलेली मुलं येतात. गावचा कुत्रा पडवीत झोपलेला असतो, मूल जाऊन मिठी मारतं. किंवा तो जेवत असतो आणि मूल ताट सरकवतं. किंवा लाकडांच्या माचामागे कुत्री व्यायलेली असते आणि मुलाला पिल्लू हवं असतं. मग आजोबा मुलाला घेऊन येतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात, ‘‘डॉक्टरानू, आमचो कुत्रो कोणाक चावणा नाय. आजच कसो चावलो कळणा नाय.’’ मी विचारतो, चावण्याआधी तो काय करत होता? ‘‘काय नाय, गप होतो.’’ थोडं खोदून विचारलं की कळतं, तो गप नव्हता. त्याने मान फिरवली होती, जांभई दिली होती, उठून दुसरीकडे जाऊन पडला होता, आणि मूल तिथेही मागे गेलं होतं. शेवटी तो गुरगुरला होता. त्याला येत होतं तेवढं सगळं तो बोलून झाला होता.

जाग्या कुत्र्याने, झोप आलेली नसताना, माणूस जवळ आल्यावर दिलेली जांभई ही झोपेची नसते. समोर खाणं नसताना पुन्हापुन्हा ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग ताठ होणं, शेपूट पायांत घालणं, हे सगळं ‘दूर हो’ असंच असतं. शेपूट हलते म्हणजे खूश, हाही एक गैरसमज. सैल अंगाने, कंबर हलवत हलवलेली शेपूट वेगळी. ताठ उभी शेपूट टोकाला थरथरत असेल तर ती मैत्री नव्हे. मोठी माणसं हे थोडंफार ओळखतात. लहान मुलं अजिबात नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात छोट्या मुलांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा दात विचकणारा कुत्रा बऱ्याच मुलांना हसरा, आनंदी वाटला. माणसात दात दिसले म्हणजे हसणं. मुलाने शिकलेली भाषा तीच. शिवाय मुलाची उंची अशी की त्याचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडासमोर येतो, म्हणून मुलांना चावे डोक्या-चेहऱ्यावर जास्त बसतात. तिथून मेंदूचं अंतर कमी, त्यामुळे रेबीजचा धोकाही अधिक. पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल आणि कुत्रा, कितीही ओळखीचा असो, मोठं माणूस जवळ नसताना एकत्र ठेवू नयेत, हे मी प्रत्येक आजोबांना सांगतो.

आणखी एक. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो गुरगुरायचं सोडतो, चिडायचं सोडत नाही. मग पुढच्या वेळी सूचनेशिवाय थेट दात लागतो आणि आपण म्हणतो, ‘कायएक कारण नसताना चावलो.’

या सगळ्या भाषेला एक अपवाद आहे. रेबीज झालेला कुत्रा. विषाणू मेंदूतच शिरल्यामुळे त्याच्या वागण्यावरून काही ताडता येत नाही. तो सैरावैरा चावत सुटेल किंवा अगदी मवाळ, लुळा होऊन कोपऱ्यात पडेल. त्याच्या घशात काही अडकलंय असं समजून तोंडात हात घालणारी दयाळू माणसं असतात. तो दुसरा प्रकार ओळखायला कठीण, म्हणून जास्त दगा देणारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचा अंदाज असा की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतले तीनचतुर्थांश चावे कुत्र्याचे, आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं मरतात. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारात हातात जवळपास काहीच उरत नाही. त्याआधी मात्र जवळपास सगळं आपल्या हातात असतं.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा; दोन मिनिटांतच आपल्याला पंधरा झाल्यासारखी वाटतात. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या, लस तिथे मोफत मिळते. त्वचेत द्यायची लस असेल तर शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक. रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, ते दुखतं, पण लस आपलं काम सुरू करेपर्यंत तेवढंच संरक्षण असतं. ‘कुत्रा दहा दिवस बघूया, मग लस घेऊ’ हा हिशेब उलटा आहे. लस आज सुरू करायची आणि कुत्रा दहा दिवस बघायचा. वर सांगितलेल्या पाहणीत कुत्रा चावलेल्या पाचांतल्या एकाने लसच घेतलेली नव्हती.

आपल्या शेजारच्या गोव्याने याचं दुसरं टोक धरलं, म्हणजे माणसाऐवजी कुत्र्याला लस. दरवर्षी गावोगाव फिरून कुत्र्यांना टोचत राहिल्यावर २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. आपल्या वाड्यांत अडचण अशी असते की कुत्रा सगळ्यांचा, म्हणून शिबिराला त्याला नेणारं कुणीच नसतं. आणि नेणारा असला तरी तो स्वतःच सुईला घाबरलेला असतो, दोरी आवळून धरतो, दबक्या आवाजात ‘चावशील हां’ म्हणतो, आणि कुत्रा ते सगळं वाचून आधीच बिथरतो. म्हणून शिबिराच्या दिवशी कुत्र्याला रोज पेज घालणाऱ्या बाईनेच घेऊन यावं. दोरी सैल धरावी, त्याच्या बाजूला उकिडवं बसावं, मानेखाली हात ठेवावा, आणि रोज ज्या आवाजात ‘यू यू’ म्हणतो त्याच आवाजात बोलत राहावं. सुई मागून टोचून होईपर्यंत त्याचं लक्ष तिच्याच चेहऱ्याकडे असतं.